तामड्याची साक्ष

तुमसरहून गोबरवाहीच्या वाटेने उत्तरेकडे निघाले की धानाच्या बांध्या हळूहळू मागे पडतात आणि जमीन उंचसखल होऊ लागते. रस्त्याच्या कडेची माती काळपट दिसते, झाडांच्या पानांवरही तीच धूळ बसलेली असते. हा चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्गचा पट्टा. भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणी इथे आहेत. या भागातला एक खास दगड हातात घेतला तर तो आकाराच्या मानाने जड लागतो. त्याची काळी बाजू बोटांना डाग लावते. बाकी अंगावर पांढऱ्या गारेचे कण असतात आणि त्यांच्यामध्ये नारिंगी-तपकिरी रंगाचे बारीक गोलसर दाणे घट्ट बसलेले दिसतात. हे दाणे म्हणजे गार्नेट, आपल्या जुन्या रत्नपारख्यांचा तामडा. या दगडाचे नाव आहे गोंडाइट. इथल्या गोंड लोकांवरून एका इंग्रज भूवैज्ञानिकाने ते ठेवले आणि जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते आजही तसेच छापले जाते.

त्या भूवैज्ञानिकाचे नाव लुईस ली फर्मर. १८८० साली जन्मलेले फर्मर १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. त्या वेळी मध्य प्रांतात मँगनीजची धांदल नुकती सुरू झाली होती. पोलाद कणखर करायला आणि वितळलेल्या लोखंडातला गंधक, प्राणवायू काढून टाकायला मँगनीज लागते. युरोप-अमेरिकेतल्या भट्ट्यांची भूक वाढत होती आणि नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यातले धातुक उत्तम प्रतीचे होते. बंगाल-नागपूर रेल्वेने बंदराचा रस्ता मोकळा केला होता. टेकड्यांच्या माथ्यावर उघड्या पडलेल्या काळ्या शिरा पहारी-सबलींनी फोडल्या जात आणि टोपल्या भरून माल खाली उतरत असे. थोड्याच वर्षांत भारत हा रशियाच्या तोडीचा मँगनीज-पुरवठादार झाला.

हे धातुक कुठे आहे, किती आहे आणि मुळात तयार कसे झाले, हे शोधण्याचे काम फर्मर यांच्याकडे आले. हिवाळ्यामागून हिवाळे ते या पट्ट्यात हिंडले. त्यांचा ‘भारतातील मँगनीज-धातुकांचे साठे’ हा ग्रंथ १९०९ साली सर्वेक्षणाच्या संस्मरणिकेत निघाला. हजारांहून अधिक पानांचा हा ग्रंथ आजही मध्य भारतातल्या मँगनीजचा मूळ आधार मानला जातो. त्यातले एक म्हणणे या लेखासाठी महत्त्वाचे आहे. गोंडाइट हा मुळात समुद्रतळावर साचलेला मँगनीजयुक्त गाळ होता. तो जमिनीच्या पोटात खोल गाडला गेला, तिथल्या उष्णतेने आणि दाबाने भाजून-दाबून निघाला आणि त्यातून तामड्याचे दाणे उगवले. म्हणजे तामडा ही त्या खोलीची खूण. गाळाला ती खोली भोगावी लागली, हे तो दाणा सांगतो.

फर्मर या दाण्याशी थांबले नाहीत. तामड्यात अणू फार दाटीने बसलेले असतात. गॅब्रो नावाचा सामान्य जड खडक घेतला आणि त्याच्या घटकांत काहीही न मिळवता त्याला प्रचंड दाबाखाली ठेवले, तर त्याचा एक्लोजाइट हा तामड्याने भरलेला खडक होतो. घटक तेच राहतात, पण आकारमान घटते आणि घनता सुमारे ३ वरून ३.४ च्या पुढे जाते. १९१३ साली फर्मर यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले आणि तामड्याला ‘भूशास्त्रीय दाबमापक’ म्हटले. आपल्या पायाखाली, ज्या खडकांपर्यंत कोणतीही खाण पोहोचत नाही त्यांच्याही खाली, तामड्याने समृद्ध अशा दाट खडकांचे एक कवच असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

पण तर्काला पुरावा कुठून आणायचा? चिखल्याची खाण फार तर काहीशे फूट जाते. पृथ्वीचा मध्य ६,३७१ किलोमीटर खाली आहे. एवढ्या खोलीतला दगड वर आणून दाखवणे त्या काळी कोणाला शक्य नव्हते आणि आजही नाही. फर्मर यांची नजर म्हणून आधीच वर, आकाशाकडे वळली होती.

अशनी त्यांना नवे नव्हते. भारतात पडलेले अशनी गोळा करून जपणे हे सर्वेक्षणाचे जुने काम. १९०७ साली खुद्द फर्मर यांनीच काही भारतीय अशनींवर टिपण लिहिले होते. महाराष्ट्राच्या भूमीनेही या संग्रहाला बरेच दिले आहे. ६ जून १८३८ रोजी वऱ्हाडात चांदकापूरला दगड पडले. २९ जून १८४३ रोजी खानदेशात मानेगावला पडलेला दगड तर अतिशय दुर्मीळ प्रकारचा निघाला. पुढे १९३९ मध्ये अकोला जिल्ह्यात अंदुऱ्यालाही अशनी पडला.

बहुतेक दगडी अशनी कापून, घासून, पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की त्यांत ज्वारी-बाजरीच्या दाण्यांसारखे गोल कण दिसतात. त्यांना कोंड्रूल म्हणतात आणि ज्या दगडात ते असतात तो कोंड्राइट. पृथ्वीवरच्या कोणत्याही खडकात असे कण सापडत नाहीत. हेन्री सॉर्बी या इंग्रज संशोधकाने १८७७ सालीच ओळखले होते की हे कण म्हणजे कधीकाळी वितळलेले आणि मोकळ्या अवकाशात थिजलेले थेंब असावेत. फर्मर यांनी १९१२ साली वेगळी कल्पना मांडली. मोठ्या गोलाच्या पोटात प्रचंड दाबाखाली गोल तामडे तयार झाले असतील, तो गोल फुटला, दाब सुटला आणि तामड्यांचे दुसऱ्या खनिजांत रूपांतर झाले. उरला तो फक्त त्यांचा गोल आकार, असे त्यांचे म्हणणे होते. खाणीत आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला आकाशातल्या दगडातही तामडाच दिसला.

कोंड्रूलच्या बाबतीत फर्मर चुकले. सॉर्बी बरोबर होते. मात्र ‘खोल जमिनीत काय आहे याची खबर अशनीतून मिळेल’ हा फर्मर यांचा विश्वास खरा ठरायला शंभर वर्षे लागणार होती, आणि ज्या दगडाने तो खरा ठरवला तो चिखल्याच्या खाणींपासून सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरवर पडणार होता.

मधल्या शतकात अशनींनी त्याहून मोठी गोष्ट सांगितली, ती काळाची. भूवैज्ञानिक मध्य भारताच्या प्राचीन भूखंडाला ‘बस्तर क्रेटॉन’ किंवा ‘भंडारा क्रेटॉन’ म्हणतात. पृथ्वीच्या जुन्या, स्थिर गाभ्यांपैकी एकाला आपल्या जिल्ह्याचे नाव आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या बस्तर भागातले काही खडक ३५० कोटी वर्षांहून जुने आहेत. पण पृथ्वी त्याहून १०० कोटी वर्षांनी मोठी आहे. सुरुवातीच्या त्या काळाची पाने पृथ्वीने स्वतःच पुसून टाकली. खडक वितळले, झिजले, पुन्हा पोटात गेले. ती पाने शाबूत राहिली लहान गोलांवर, मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांवर. त्यांचे तुकडे अधूनमधून आपल्या शेतात पडतात. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी दगडी आणि लोखंडी अशनींतले शिसे मोजून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले. आज कोंड्राइटांत सापडणाऱ्या कॅल्शियम-ॲल्युमिनियमच्या पांढुरक्या कणांवरून सूर्यमालेचा जन्म ४५६.७ कोटी वर्षांपूर्वीचा धरला जातो.

त्या जन्मानंतरच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांचा हिशेब ठेवायचा तर वेगळे घड्याळ लागते, आणि त्यातले एक उत्तम घड्याळ मँगनीजचे आहे. चिखल्याच्या खाणीतून निघणाऱ्या मँगनीजचे सगळे अणू एकाच वजनाचे, ५५ चे असतात. निसर्गात आज दुसरे मँगनीज नाही. पण सूर्यमाला तयार होत होती तेव्हा मँगनीजचा एक हलका भाऊ होता, मँगनीज-५३. जुन्या ताऱ्यांच्या पोटात घडून तो सूर्याला जन्म देणाऱ्या ढगात मिसळला होता. तो किरणोत्सारी होता. दर ३७ लाख वर्षांनी त्याचा निम्मा साठा संपायचा आणि त्याचे क्रोमियम-५३ व्हायचे. पावणेचार कोटी वर्षांत हजारातला एकच अणू उरला आणि पुढे तोही गेला. १९८५ मध्ये झां-लुई बिर्क आणि क्लोद अलेग्र या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे अशनीत त्याचा माग काढला. दगडाच्या ज्या भागात मँगनीज जास्त होते, त्या भागात क्रोमियम-५३ ही नेहमीपेक्षा जास्त होते. मेलेल्या भावाची जागा त्याच्या वारसाने धरून ठेवली होती. त्या वारसाचे प्रमाण मोजले की दगड थिजला तेव्हा मूळ मँगनीज-५३ किती शिल्लक होते ते कळते, आणि त्यावरून तो केव्हा थिजला हे काढता येते.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला तुमसरकडे मँगनीज आहे आणि दक्षिणेला पवनीकडे क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचे धातुक. सूर्यमालेच्या बालपणाचे घड्याळ ज्या दोन धातूंनी चालते, ते दोन्ही एका जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत. ही नोंद मला फार मोलाची वाटते. शाळेत मुलांना जिल्ह्याची खनिजे पाठ करायला लावतात, तेव्हा त्यांपैकी दोन धातूंची ही गोष्टही सांगायला हवी.

या घड्याळाने काय सांगितले? कोंड्रूल सूर्यमालेच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांत थिजले. त्याच सुमारास ॲल्युमिनियम-२६ हा आणखी एक अल्पायुषी अणू लहान गोलांच्या पोटात उष्णता सोडत होता. त्याचे अर्धायुष्य फक्त सात लाख वर्षे. काही गोल त्या उष्णतेने पार वितळले, लोखंड त्यांच्या मध्याकडे बुडाले आणि वर दगडी कवच आले. व्हेस्टा हा त्यांतला मोठा लघुग्रह. मानेगावला १८४३ मध्ये पडलेला दगड डायोजेनाइट या जातीचा आहे, आणि ही जात व्हेस्टाच्या कवचाच्या खोल थरांतून आल्याचे मानले जाते. ‘डॉन’ यानाने २०११-१२ मध्ये व्हेस्टाभोवती फिरून केलेल्या निरीक्षणांनी या मताला बळ दिले. मँगनीजच्या घड्याळानुसार हा गोल सूर्यमालेच्या जन्मानंतर अवघ्या तीसएक लाख वर्षांत वितळून गेला होता. खानदेशातल्या शेतात पडलेला दगड एका संपूर्ण गोलाच्या वितळण्याचा साक्षीदार होता आणि १८४३ साली तो उचलणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

काही गोल वितळले नाहीत, नुसते तापले. त्यांच्या पोटात ८००-९०० अंशांपर्यंत उष्णता पोहोचली आणि कोंड्रूलच्या कडा विरघळल्यासारख्या पुसट झाल्या. अशा दगडांना सहाव्या वर्गाचे कोंड्राइट म्हणतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात पडलेला दगड असाच होता.

मे महिन्यातल्या दुपारी दोनच्या सुमारास, विदर्भात माणसे सावलीला असतात त्या वेळी, काटोल परिसरात आकाशात स्फोटासारखा आवाज झाला आणि दगड पडले. संत्र्यांच्या बागांच्या या तालुक्यात जमीन काळी आहे आणि तिच्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. त्या काळ्या मातीतून माणसांनी आकाशातले तुकडे शोधून काढले. एकूण सुमारे १३ किलो दगड हाती आले. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे. फर्मर ज्या संस्थेत होते त्याच संस्थेचे लोक काटोलला पोहोचले, नमुने जमवले आणि तपासणी केली. दगड ‘एल-६’ वर्गाचा ठरला. ‘एल’ म्हणजे लोखंड कमी असलेला गट.

असा दगड बाहेरून काळसर सालीचा असतो. वातावरणातून येताना काही सेकंदांत त्याचा पृष्ठभाग वितळून ही साल होते. साल फुटली की आत राखाडी अंग दिसते आणि उन्हात तिरपे धरले की धातूचे बारीक कण चमकतात. लोहचुंबक त्याला चिकटते. काटोलच्या दगडात याशिवाय केसासारख्या बारीक काळ्या रेषा होत्या. या रेषांतच गोष्टीचा शेवटचा अध्याय दडला होता.

दोन लघुग्रह एकमेकांवर आदळतात तेव्हा दगडातून धक्क्याची लाट जाते. क्षणभर, अगदी पळभरही नाही, दाब अफाट चढतो आणि बारीक भेगांतला दगड वितळतो. मग तो रस थिजतो आणि काळी रेषा उरते. ‘एल’ गटाचे दगड अशा माराने विशेष घायाळ असतात, कारण त्यांचा मूळ लघुग्रह सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी एका भीषण टकरीत फुटला. त्या टकरीचे तुकडे तेव्हाच्या समुद्रात पडले. स्वीडनमध्ये थोर्सबर्गच्या चुनखडीच्या खाणीत ते आजही सापडतात. फरशीत डाग पडलेला म्हणून कामगार जो दगड बाजूला टाकायचे, तो अशनीचा जीवाश्म निघाला.

काटोलच्या काळ्या रेषांचा अभ्यास खरगपूरच्या आयआयटीतले सुजय घोष, किशन तिवारी, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले द्विजेश रे आणि जपान, इटली, जर्मनीतले त्यांचे सहकारी यांनी केला. तो २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या रेषांत त्यांना ब्रिजमनाइट सापडले.

ब्रिजमनाइट म्हणजे काय हे समजण्यासाठी पुन्हा फर्मर यांच्या प्रश्नाकडे जावे लागते. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरपासून सुमारे २,९०० किलोमीटरपर्यंत खालचे प्रावरण आहे. त्याचा बहुतेक भाग या एकाच खनिजाचा आहे. पृथ्वीवर सर्वांत जास्त असलेले खनिज हेच. तरीही ते आपल्याला जमिनीतून कधी मिळत नाही, कारण वर येता येता दाब सुटतो आणि ते मोडून दुसऱ्या खनिजांत बदलते. प्रयोगशाळेत ते बनवले गेले, पण निसर्गातले पहिले पक्के ब्रिजमनाइट २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीत ओळखले गेले. त्याचे घटक मात्र पृथ्वीच्या पोटात अपेक्षित असलेल्या घटकांशी नीट जुळत नव्हते. काटोलचे जुळले. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम आहे. समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे अडीच लाख पट दाबाखाली ते थेट वितळलेल्या रसातून स्फटिक होऊन बाहेर पडले होते.

पृथ्वी तरुण असताना ती स्वतःच वितळलेल्या दगडाचा समुद्र होती. तो समुद्र निवत आला तेव्हा त्याच्या खोल भागात हेच खनिज हेच घटक घेऊन तयार होत असणार. आपल्या पायाखालच्या त्या सुरुवातीची एक छोटी आवृत्ती काटोलच्या दगडात थिजून राहिली आहे. त्यातले लोहही बोलके आहे. दर शंभर लोह-अणूंपैकी सुमारे ६९ जास्त ऑक्सिडीभूत अवस्थेत आहेत. पृथ्वीच्या प्रावरणात ही अवस्था कशी आली, या प्रश्नाचा संबंध पुढे ज्वालामुखींतून कोणते वायू बाहेर पडले आणि पहिले वातावरण कसे घडले याच्याशी आहे.

आणि ब्रिजमनाइटच्या शेजारी, त्याच रेषांत, आणखी एक खनिज होते. त्याचे नाव मेजोराइट. मेजोराइट हे गार्नेट आहे. अति दाबाचा तामडा.

फर्मर १९५४ साली वारले. त्याआधी ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक झाले होते आणि १९३५ साली स्थापन झालेल्या, आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे पहिले अध्यक्षही झाले होते. अशनीत मेजोराइट सापडल्याचे वृत्त १९७० मध्ये आले, ऑस्ट्रेलियातल्या कूरारा अशनीतून. फर्मर यांनी तामडा कोंड्रूलमध्ये शोधला आणि तो निघाला टकरीच्या काळ्या रेषांत. जागा चुकली, कारण चुकले, पण दाब वाढला की दगड दाट होतो, तामडा त्या दाबाची साक्ष देतो आणि ती साक्ष आकाशातून येऊ शकते, हा धागा त्यांनी बरोबर पकडला होता. विज्ञानाच्या इतिहासात अशा चुकांना मान असावा असे मला मनापासून वाटते. चांगला प्रश्न विचारणाऱ्याचे उत्तर चुकले तरी पुढच्यांना वाट सापडते.

मँगनीजच्या त्या जुन्या खाणी पुढे मँगनीज ओअर इंडिया लिमिटेडकडे आल्या. नागपुरात मुख्यालय असलेली ही सरकारी कंपनी ‘मॉइल’ नावाने ओळखली जाते. डोंगरी बुजुर्गचे धातुक पोलादाच्या भट्टीइतकेच बॅटरीच्या सेलसाठीही लागते. खाणीच्या बाजूला टाकलेल्या गोंडाइटच्या ढिगात तामड्याचे दाणे उन्हात तांबूस चमकत राहतात. ते धातुक नाही, म्हणून त्याला किंमत नाही.

आकाशातला पुढचा दगड कुठे पडेल ते कोणी सांगू शकत नाही. तो वैनगंगेच्या पात्रात पडेल, मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या पाळीवर पडेल किंवा नांगरलेल्या बांधीत. तो पहिल्यांदा पाहणारा गुराखी असेल, शेतमजूर असेल किंवा पाळी संपवून घरी निघालेला खाणकामगार. त्याने तो धुऊ नये, फोडू नये, लोहचुंबक लावून त्यातल्या जुन्या चुंबकत्वाची नोंद मोडू नये. कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळावा, वेळ आणि जागा लिहून ठेवावी आणि नागपूरच्या सर्वेक्षण कार्यालयाला कळवावे. काटोलच्या शेतांत वाकून काळे तुकडे शोधणाऱ्या हातांनी एवढे केले नसते, तर तो दगड पावसाळ्यात गंजून त्या बारीक रेषांतल्या तामड्यासह मातीत मिसळला असता, आणि चिखल्याच्या दाण्याकडे पाहून शंभर वर्षांपूर्वी पडलेला प्रश्न तसाच उभा राहिला असता.